वीतभर आणि चार बोटं

गेल्या डिसेंबरात आमच्या खांडबाऱ्यात एक बातमी तोंडावर हात धरून सांगितली जात होती, म्हणजे गावात एकूण एकाला ठाऊक होती. बातमी अशी, की अन्वर बेकरीवाल्याच्या बापाने मरायच्या आधी भट्टीच्या पोटात सोनं चिणून ठेवलंय. किती सोनं, ते सांगणाऱ्याच्या उमेदीवर. सकाळी लोटनच्या चहाच्या टपरीवर ते पावशेर असायचं, दुपारी सुरतेची गाडी निघून जाईतो अर्धा किलो व्हायचं आणि दिवेलागणीला पन्नालाल शेठच्या दुकानात त्याच्या विटा पडायच्या. अन्वरला हे आत्ता कुठे कळलं म्हणे. पण भट्टीचं तोंड अरुंद आणि अन्वर रुंद. म्हणून गडी जेवण सोडून वाळायला लागलाय.

बातमीचं पहिलं टोक पन्नालाल शेठकडे होतं. मी ती पुढे फार तर पाच-सहा जणांना सांगितली, तेव्हा माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये.

एक मात्र खरं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. अन्वर वाळत होता.

ज्यांनी आधीचा अन्वर पाहिला नाही त्यांना यातलं नवल कळायचं नाही. वय अठ्ठावन्न. बेकरीत गल्ल्यामागे तो बसला की पाठीमागचं बरण्यांचं कपाट दिसेनासं व्हायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "खारी शे का भो?" मग अन्वर उजवीकडे झुकायचा, तेव्हा दिसायचं की शे. नवापूरला जाताना रिक्षावाला त्याला एकट्यालाच मागे बसवायचा आणि बाकीच्यांना सांगायचा, सीट भरली. लग्नात यजमान त्याला मुद्दाम पहिल्या पंगतीला बसवायचे, म्हणजे नंतरच्यांना अंदाज यावा की अजून किती शिजवायचं. त्या पोटाचा त्याला अभिमानच होता. "बेकरीवाला हडकुळा असला तर त्याचा माल कोण घेईल?" असं तो म्हणायचा आणि गावाला ते पटायचं.

आता भट्टीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. स्टेशनरस्त्याला अन्वरची बेकरी. भट्टी त्याच्या बापाने, करीमचाचांनी, स्वतः राबून बांधलेली. समोरून पाहिलं तर नुसती काळी भिंत आणि कमरेच्या उंचीवर एक आडवं भोक. आत मात्र चार माणसं निजतील एवढी जागा आणि वर विटांचा बुटका घुमट. लाकडं आतच जाळायची, निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि लांब दांड्याच्या फावड्यावरून पाव सरकवायचे. भोक दोन फूट रुंद. उंची वीतभर आणि चार बोटं. त्याहून मोठं ठेवलं की ऊब पळून जाते. करीमचाचांनी हे माप धरलं तेव्हा आपला मुलगा पुढे कोणत्या मापाचा निघेल, याचा विचार केला नव्हता.

लहानपणी अन्वर त्या भोकातून सापासारखा सरकायचा. दर दोन-तीन वर्षांनी भट्टी थंड करून घुमटाच्या सैल विटा बदलाव्या लागत. आधी बाप विटा बसवायचा आणि अन्वर शेजारी पालथा पडून कंदील धरायचा. मग अन्वर बसवायला लागला आणि बाप बाहेरून ओरडून सांगायचा. अन्वर शेवटचा आत गेला तो लग्नाच्या वर्षी. नंतर घरात अख्तरबानो आली. "मेरे हाथ का खाना इनको लग गया," असं ती पहिली पाच वर्षं कौतुकाने सांगायची आणि पुढची पंचवीस वर्षं तक्रारीने. विटांसाठी मग नवापूरचा एक सुकडा मिस्त्री येऊ लागला. तो मिस्त्री चार वर्षांपूर्वी वारला आणि घुमटाकडे कोणी पाहिलं नाही.

दिवाळी झाली आणि एका सकाळी टोस्टच्या पत्र्यावर लाल भुकटी सापडली. अन्वरने फावड्याला आरसा बांधला, बॅटरी लावली आणि पाहिलं. घुमटाच्या मधोमध विटा खाली लोंबत होत्या, हलणाऱ्या दाढांसारख्या.

नंदुरबारहून एक मिस्त्री आणला. त्याने मोबाइलच्या उजेडात आत डोकावून एकच शब्द सांगितला, "फोडा." तोंड फोडल्याशिवाय आत जाता येणार नाही आणि तोंडाची कमान फोडली तर घुमट उभा राहणार नाही. म्हणजे भट्टीच गेली.

अन्वरचा मुलगा आकिब पंचविशीतला, शिडशिडीत, डोकं चालणारा. तो गेली तीन वर्षं बापाला सुरतेच्या विजेच्या भट्टीचे फोटो दाखवत होता. "अब्बा, स्टील की आती है. बटन दबाया, हो गया." पण पोरगं वाईट नाही. आधी तोच आत शिरला. दोन मिनिटांत पाय झाडत बाहेर आला, पांढराफटक, घामाने भिजलेला. वर विटा, खाली विटा, मान उचलायला जागा नाही. त्याचा श्वासच कोंडला. अख्तरबानो म्हणाली, गावात बारीक पोरं काय कमी आहेत, एखाद्याला घाला आत. त्यावर अन्वरने पहिल्यांदा आवाज चढवला.

"कोणती वीट आधी काढायची ते चुकलं तर सगळा घुमट अंगावर येतो. मी कुणाचं लेकरू त्याखाली घालणार नाही. मी जाईन."

अख्तरबानो इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अजी, तुम्हारा तो एक पाँव जाएगा!"

"पहिली जानेवारी," अन्वर म्हणाला.

मग बापलेकांत ठरलं. नाताळचा शेवटचा घाणा चोवीस डिसेंबरला निघेल. त्यानंतर भट्टी विझवायची. एवढ्या विटा थंड व्हायला आठवडा लागतो. पहिल्या जानेवारीला अन्वर आत शिरला तर भट्टी राहील. नाही शिरला तर दोन तारखेला आकिब घणवाले बोलावील आणि सुरतेला फोन करील. अन्वरने मान डोलावली. एक अट त्याने घातली, की हे घराबाहेर जाता कामा नये. नाताळ म्हणजे त्याच्या धंद्याचा जीव. घुमटातून भुकटी पडते असं कळलं तर लोक आपले केकचे डबे भाजायला नवापूरला नेतील. त्याने प्रत्येक पत्र्यावर दुसरा पत्रा झाकण म्हणून घातला, रोज आरसा लावून विटा पाहिल्या आणि तोंड मिटलं. दोन्ही अर्थांनी.

वजनकाटा त्याने वापरलाच नाही. भटू सुताराकडून एक लाकडी चौकट करून घेतली, बरोब्बर भट्टीच्या तोंडाएवढी. भटूने विचारलं, "खिडकी शे का? मांजरनी का?" अन्वर म्हणाला, पिठाच्या खोलीला वारा पाहिजे. चौकट पिठाच्या खोलीत जमिनीवर उभी ठोकली आणि रोज दुपारी तीनला अन्वर दार लावून तिच्यासमोर पालथा पडायचा. बाहेर ऐकू यायचं ते असं: धाप, कण्हणं, लाकडाची कुरकुर आणि अख्तरबानोचा आवाज, "साँस छोडो... और छोडो... अरे, वापस मत लो!" यावरून लोकांनी काय काय तर्क केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मलाच ऐकून लाज वाटली, आणि मला ती सहसा वाटत नाही.

भाकरी अर्धी झाली, गोश्त बंद, चहात साखर बंद, पहाटे फजरच्या नमाजानंतर रुळाच्या कडेने चालणं सुरू. पंधरा डिसेंबर येईतो डोकं, खांदे, छाती चौकटीतून पार व्हायची. पोट अडायचं. पोटाला अजून तीन बोटं कमी पाहिजे होती. आणि दारात नाताळ उभा.

खांडबाऱ्याच्या भोवती पाड्यापाड्यांवर ख्रिस्ती आदिवासींची घरं पुष्कळ. नाताळ जवळ आला की बाया मैदा, साखर, तूप, अंडी डोक्यावर घेऊन अन्वरच्या ओट्यावर येतात, तिथेच फेटतात, मळतात, डब्यांत घालतात, आणि अन्वर भाजून देतो. दहा दिवस ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. एकीकडे तूप-साखर फेसतेय, एकीकडे अंडी फुटताहेत, आणि कोणाची पोरगी कोणाकडे द्यायची तेही तिथेच ठरतंय. मी त्या दिवसांत पाव आणायला दिवसातून तीनदा जातो.

तिथली एक रीत आहे. डबा भट्टीतून निघाला की ज्या घरचा तो डबा, त्या घरची बाई पहिला तुकडा मोडते आणि आपल्या हाताने अन्वरच्या तोंडात घालते. मगच डब्याला झाकण लागतं. दीडशे घरं, दीडशे तुकडे, आणि तुकडा कधी लहान नसतो. अन्वरच्या पोटाचा पाया तिथेच भरला गेला असं मी नेहमी म्हणत आलोय.

पहिली आली एस्तेरबाई गावित. सत्तरीला टेकलेली, चर्चमध्ये गाणं धरते तेव्हा पेटी तिच्या मागून धावते अशी. केकचा वाफाळता तुकडा तिने उचलला. अन्वर मागे सरकला.

"आज नको बाई. पोट बरं नाही."

एस्तेरबाईने तुकडा डब्यात परत ठेवला. झाकण न लावताच डबा उचलला आणि गेली. त्या दिवशी अन्वरने आणखी अकरा जणींना हेच सांगितलं. त्याला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी ओटा अर्धा रिकामा होता, आणि दुपारी एस्तेरबाई परत आली. डोक्यावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं.

"अन्वर, खरं सांग. माझ्या हाताला काय झालं?"

"बाई, तसं काही..."

"थांब. माझी आई या ओट्यावर पहिल्यांदा आली तेव्हा या बाजारात आमच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं. मीठ-मिरची द्यायचे ती वरून सोडायचे, हाताला हात लागू नये म्हणून. तुझ्या बापाने आईच्या हातची नानकटाई भर बाजारात तोंडात घेतली. तिच्या हातून. सगळे बघत होते. त्या दिवसापासून आम्ही दुसऱ्या भट्टीकडे गेलो नाही. तुकडा काय तू खावास म्हणून देतो आम्ही? तुला काय खायला कमी आहे?"

अन्वर फावडं धरून उभा.

"पोट बरं नाही म्हणालास. खारी-टोस्ट घेणाऱ्यांशी हसत होतास. बारा बायांना सांगितलंस, आणि बाराही आमच्याच."

ओट्यावरच्या बायांचे हात थांबले होते. खरं कारण सांगावं तर भट्टी मोडकी म्हणून डबे जातात, आणि न सांगावं तर बापाचा आब जातो. अन्वरला एवढंच बोलता आलं, "उद्या या बाई. डबा घेऊन या."

ती गेली. अन्वर समोरच्या पन्नालाल शेठच्या पायरीवर जाऊन बसला. पन्नालालचं किराण्याचं दुकान. ओट्यावर फेटला जाणारा मैदा आणि साखर त्याच्याकडचीच. जैन माणूस, बेकरीतलं आयुष्यात काही चाखलं नाही, पण बेकरीतली बातमी कधी चुकवली नाही. त्याची बायको सोहनबाई पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या कोमट पाण्यावर काढते आणि नवव्या दिवशी स्वतः उठून सगळ्यांचं करते. अन्वरने तिलाच विचारलं.

"भाभी, तुम्ही आठ दिन काहीच खातस नही. कसं जमस?"

"त्यामा काय शे?" सोहनबाई डाळ निवडता निवडता म्हणाली. "खावानंच नही म्हनं, म्हंजे इचारच खुंटना. अवघड ते दुसरं. ताट वाढेल शे, भूक शे, आनि दोन घास खाईसन हात धुवाना. आमनामा त्याले बी तप म्हंतस. उपासपेक्षा कठीन."

पन्नालाल आतून ओरडला, "तप? अन्वर, तू कसाले वाळी ऱ्हायना? भटू सांगे, भट्टीना तोंडाएवढी चौकट करी लिधी तू! बापनं सोनं ठेयेल शे का आत?"

"हां शेठ," अन्वर उठत म्हणाला, "दोन मण."

त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून तो असं बोलून गेला. पण पन्नालाल शेठला थट्टा कळते ती फक्त स्वतः केलेली. अर्ध्या तासात मला निरोप आला, ये, बसायला ये.

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाईने डबा आणला. भाजून निघाला. तिने तुकडा मोडला. अन्वरने तिचं मनगट धरलं, त्या तुकड्यातून हरभऱ्याएवढी चिमूट तिच्याच बोटांत उरू दिली आणि ती तोंडात घेतली. डोळे मिटून तो ती चिमूट चघळत राहिला. एवढा वेळ, की मागच्या बाईचा डबा करपेल म्हणून आकिबला धावावं लागलं.

"वेलदोडा कमी पडलाय," तो म्हणाला.

एस्तेरबाईच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते तिने दाबलं. "एवढंच खाणार?"

"एवढंच. पण एकाही घरचं सोडणार नाही. काल-परवा ज्यांना नाही म्हणालो त्यांनाही सांगा, चिमूट घेऊन या."

आकिब मोबाइलवर हिशेब करून बसला होता. रोजची पंधरा-वीस घरं, प्रत्येकीची चिमूट, सगळं तूप आणि साखर. "अब्बा, एक टाइम का खाना हो गया ये तो."

"मग तेच माझं खाणं," अन्वर म्हणाला. "घरचं बंद."

अख्तरबानो दारात अडून उभी राहिली. शेवटी वाटीभर डाळीचं पाणी आणि एक मुळा यावर तह झाला.

आता मी जे सांगतो ते थट्टेने सांगता येत नाही, मी करून पाहिलं. आठ दिवस तो माणूस त्या भोकासमोर उभा होता. तूप तापल्याचा, वेलदोड्याचा, साखर करपतानाचा वास रस्ता ओलांडून पन्नालालच्या दुकानात यायचा आणि पन्नालाल शेपूची जुडी नाकाला लावून बसायचा. माझ्यासारखा माणूस नुसता उभा राहून दोन नानकटाया मागून घ्यायचा. आणि अन्वर पत्र्यामागून पत्रा काढायचा. फावड्यावर वीस-वीस सोनेरी नानकटाया, कडांना नुकत्या तडकलेल्या. त्या तो मोजायचा, रचायचा, पोचवायचा. मग बाई पुढे व्हायची आणि तो एक चिमूट घ्यायचा. भुकेचा हात कसा असतो ते मला माहीत आहे. तो थांबत नाही. त्याचा थांबायचा. दर वेळी, हरभऱ्याएवढ्यावर. चिमूट लहान झाली म्हणून घाई नव्हती की हातचलाखी नव्हती. प्रत्येक घराची चव तो सांगायचा. तुझ्याकडे यंदा गुळाचं केलंस. तुझं तूप गाईचं. तू रडत फेटलंस का गं, मीठ जास्त झालंय. बाया हसायच्या. नंतर नंतर त्या त्याच्याकडे अशा पाहायला लागल्या की बोलणं थांबायचं. चौथ्या दिवशी मी मागून घेतलेली नानकटाई खिशात घालून घरी नेली. तिथे उभ्याने खाववेना.

चोवीस तारखेला शेवटचा डबा गेला. अन्वरने निखारे ओढले, तोंडाला पत्रा लावला. चौकटीत पोट अजून दीड बोटाने अडत होतं.

आणि खरी परीक्षा इथून पुढची. काम नाही आणि दीडशे घरांची आमंत्रणं. नाताळ ते नववर्ष, पाड्यापाड्यांवर बकरं, कोंबडा, भात, आणि शिवाय आपल्याच हाताने भाजलेला केक. अन्वरने एकालाही नाही म्हटलं नाही. फक्त ठरवलं, की चालत जायचं आणि चालत यायचं. सकाळी निघायचा, दोन पाडे करायचा, दुपारी तीनला चौकटीसमोर हजर. पंगतीत बसायचा, ताट वाढू द्यायचा, चिमूटभर खायचा आणि उरलेलं शेजारच्याच्या ताटात सरकवायचा. त्या आठवड्यात त्याच्या शेजारी बसायला भांडणं झाली. एकदा मीही गेलो होतो.

अठ्ठावीसला एस्तेरबाईकडे. टेकाडावर घर, अंगणात कागदाचा तारा. तोवर सोनं तिथवर पोचलं होतं.

"अन्वर, सोनं निघालं तर चर्चला घंटा देशील का रे? आमची चिरकते," एस्तेरबाई म्हणाली.

सगळे हसले. अन्वर हसला नाही. भिंतीला टेकून बसला होता. गळ्याची कातडी सैल पडलेली, डोळे आत गेलेले. त्याने तिला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. विटा, चौकट, पहिली तारीख. "तुमचा सण होईतो बोललो नाही. भुकटी तुमच्या डब्यात पडली नाही, बाई, प्रत्येक पत्रा झाकला होता."

 एस्तेरबाई आत जाऊन नागलीच्या आंबिलीचा तांब्या घेऊन आली. आंबट, पातळ, करडी.

"हे पी. हे पिऊन आमच्यात आजवर कोणी जाड झालं नाही."

ती त्याने पूर्ण प्यायली. दोन महिन्यांत पोटभर प्यायलेली पहिली गोष्ट. मग मनगटाने तोंड पुसून तो टेकाड उतरायला लागला, आणि मी मागून पाहत होतो. पाठीमागून तो मला ओळखू आला नाही.

एकतीसला चौकटीत त्याचं पोट अडलं. अर्धं बोट. अख्तरबानो त्या दिवशी ओरडली नाही. तिने फक्त चौकटीवर हात फिरवला आणि म्हणाली, "लकडी फूली होगी." आकिबने मोबाइलवर सुरतेचा नंबर काढला होता, तो मोबाइल त्याने परत खिशात घातला.

पहिल्या जानेवारीला सकाळी दहाला बेकरीसमोर अर्धा खांडबारा. तारीख कोणी फोडली ते मला विचारू नका. कोणी अन्वरसाठी आलेलं नव्हतं, सगळे सोन्यासाठी. पन्नालाल शेठने दुकान बंद करून खुर्ची बाहेर मांडली होती. गेल्या वीस वर्षांत त्याने भर दिवसा दुकान बंद केलेलं मी पाहिलं नव्हतं. एस्तेरबाई पाड्यावरच्या सात-आठ बायांना घेऊन आली आणि ओट्यावर पहिल्या रांगेत बसली.

अन्वर जुनी लुंगी कमरेला घट्ट खोचून आला. उघड्या पोटाला अख्तरबानोने मूठभर डालडा चोळला. लोक हसले.

"नानकटाई करी ऱ्हायनी का भाभी?" लोटन ओरडला.

अन्वरने दोन्ही हात पुढे केले आणि भोकात शिरला. डोकं गेलं. खांदे तिरके करून गेले. छाती गेली. मग थांबला. बाहेर फक्त कंबर आणि पाय, स्टुलावर टेकलेले. आतून आवाज आला, विहिरीतून यावा तसा, "आकिब, ढकलू नको."

हसणं बंद झालं. त्याने श्वास सोडला. तो आम्हाला बाहेर ऐकू आला. पोट कमानीखाली गेलं, आणखी अर्धी वीत, आणि अडकलं. पायांची बोटं ताणली गेली. अख्तरबानोने तोंडाला पदर लावला. आत वर त्या सैल विटा, आणि हा माणूस तोंडाशी बुचासारखा बसलेला. पुढे नाही, मागे नाही. तेवढ्यात एस्तेरबाई जाग्यावरूनच म्हणाली, मोठ्याने नाही, "अजून सोड, अन्वर. आहे अजून तुझ्यात."

त्याने सोडला. इतका लांब श्वास कोणाच्या पोटात असू शकतो असं मला वाटलं नव्हतं. मग लुंगी कमानीला घासल्याचा आवाज झाला आणि पाय आत गेले. आधी गुडघे, मग टाचा, मग काहीच दिसेना. नुसतं काळं भोक.

कोणी टाळी वाजवली नाही. एका बाईने मात्र हात जोडले.

आत गेल्यावर त्याने आधी फळी आणि लाकडाचा टेकू मागितला. मग एक एक मागत गेला. गूळ-मीठ घालून मळलेली लाल माती. वीट. पाणी. थापी. आकिब भोकाशी तोंड लावून बसला होता, आणि कालपरवापर्यंत सुरतेचं बोलणारा तो पोरगा विचारत होता, "अब्बा, कौनसी पहले निकाली? क्यों?" आतून सांगणं चाललं होतं, सावकाश, वीट वीट करून. दर खेपेला एक जुनी वीट बाहेर यायची. पन्नालाल शेठ पहिल्या तिन्ही विटा उजेडात धरून पाहून आला. चौथीला तो उठला नाही.

दुपारी अडीचला पाय दिसले. आकिबने आणि भटूने ओढून काढलं. काळाठिक्कर, डोळे लाल, कोपरं सोललेली. तो ओट्यावर एस्तेरबाईच्या शेजारी जाऊन बसला.

"आत मातीत अब्बाची बोटं दिसली," मग म्हणाला. "सांध्यांवरून फिरवलेली. तशीच आहेत."

आकिबने मोबाइल काढला आणि सुरतेचा नंबर पुसला. अख्तरबानोने एस्तेरबाईच्या हातात एक डबा दिला. चोवीस तारखेच्या नानकटाया, नवऱ्यापासून लपवून ठेवलेल्या. एस्तेरबाईने एक उचलली, मोडली नाही, अख्खी अन्वरच्या तोंडात घातली. त्याने ती अख्खी खाल्ली.

गर्दी मात्र हलेना. सगळ्यांच्या नजरा त्याच्या मुठींवर. शेवटी पन्नालाल शेठने घसा खाकरला.

"अन्वर, आत काय सापडनं?"

अन्वरने दोन्ही मुठी उघडल्या. माती होती.

भट्टीत सोनं नव्हतं. घुमटाच्या अकरा विटा खचल्या होत्या. त्या बदलल्या.